यातलं अजाणतेपणी कुठलं?

माळावरचा मळा, निपाणी
२४ सप्टेंबर १९८६

पारिसाच्या आईस,

जय जिनेंद्र. तुम्ही मायलेक बेळगावात खुशाल असाल असं मी आपलं धरून चालतो, कारण खुशाली कळवायची पद्धत तुमच्या घरात नाही.

दशलक्षण पर्व संपलं की दरवर्षी मी क्षमेचं कार्ड धाडतो. छापखान्यातून शेकड्यानं छापून आणतो. व्यापारी, पाहुणे, बस्तीत देवाला येणारी माणसं, सगळ्यांना जातं तसं तुला आणि पारिसालाही जातं. सात वर्षांत सात कार्डं गेली, एकही चुकवलं नाही. यंदाचं आठवं मात्र मलाच परत आलं. 'जाणते-अजाणतेपणी आपले मन दुखावले असल्यास क्षमा असावी' ही जी छापील ओळ असते, त्यातल्या 'अजाणतेपणी'खाली निळ्या शाईची रेघ. आणि समासात पारिसाच्या हातचं एक वाक्य: "आई विचारतीया, यातलं अजाणतेपणी कुठलं?"

अगं, हे काय वकिलाचं पत्र आहे का, उलटतपासणी करायला? माणूस क्षमा मागतो, समोरच्यानं हात जोडायचे, विषय मिटला. आपल्यात लहानपणापासून हेच चालत आलंय. गावात माझ्याशी भांडलेला एकही माणूस असा नाही, ज्यानं माझं कार्ड परत केलं. बायकोनं केलं. पोस्टमननं मुद्दाम रस्त्यावर हाक मारून दिलं मला. तुम्हाला काय, तुम्ही बेळगावात.

बरं, ते राहू दे. मी रागावलेलो नाही.

तू आता घरी ये, एवढंच सांगायला कागद घेतला. पाखऱ्या बैलाच्या त्या अपघाताला पुढच्या माघात आठ वर्षं होतील. एक डोळा गेला तरी हे घर तुझ्या पायाखालचं आहे, ठेच लागायची नाही. तुझ्या भावाच्या दुकानावरच्या खोलीत, खडेबाजारच्या त्या गलक्यात, किती दिवस काढणार? पारिसाला सरकारी नोकरी लागली, मोठा झाला. आता बापाला म्हातारपणी दोन भाकरी कोण देणार, याचाही विचार करावा. मी करतो त्या भाकरीनं भिंतीला खिळा ठोकता येतो.

इकडची एक गंमत सांगतो. तानीबाईच्या पोरानं, भरमानं टीव्ही घेतला. व्हय, आपल्याकडं तंबाखूच्या रानात कामाला यायची, तुला आक्का म्हणायची, तीच तानीबाई. भरमा आता शाळेत मास्तर आहे, पक्कं घर बांधलंय, भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. मी रविवारी तिथं जाऊन बसतो. माझ्या चुलतभावाच्या घरीही टीव्ही आहे, पण तिथं टीव्हीबरोबर त्याचं तोंडही बघावं लागतं. तानीबाई मला पाणी फडक्यानं गाळून देते, न सांगता.

रविवारी दुपारी एक हिंदी मालिका लागते, माणसाचं रक्त पिणाऱ्या एका डॉक्टरची. भर दुपारी भूत! दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, नाहीतर उजेडात चित्र दिसत नाही. सगळी आळी घामाघूम होऊन बघत असते. जन्मभर पाणी गाळून पिणारा माणूस मी, रक्त बघायला जातो म्हणून बस्तीतले पंडित मला बोलले. मी म्हटलं, खोटं असतंय ते, लाल रंग असतोय.

दिवाळीआधी ये. पारिसा, हे सगळं आईला वाचून दाखव, मधलं गाळू नकोस.

धनपाल


१७ नोव्हेंबर १९८६

पारिसाच्या आईस,

दिवाळी गेली. उत्तर नाही. मी दारात पणत्या लावल्या आणि शेजारच्या बायका विचारायला लागल्या, कोण येणार आहे का हो आण्णा? मी म्हटलं, उंदीर.

त्या कार्डावरची ओळ काही माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून आज जरा नीट सांगायचं ठरवलंय. पारिसा वाचतोय हे ठाऊक आहे मला. वाचू दे.

त्या मालिकेतला डॉक्टर जन्माचा वाईट नाही. लई चांगला माणूस. गरिबाला फुकट औषध देतो, पोरांना खाऊ देतो. पण त्याला एकदा त्या जातीतलं कोणीतरी चावलंय आणि तेव्हापासून त्याच्या आत ते शिरलंय. तहान लागली की तो तो राहत नाही. डोळे बदलतात, दात बदलतात. मग शुद्धीवर आला की रडतो. तहान यायची चाहूल लागली की तो तळघरात जातो, कंपाउंडरला म्हणतो, बाहेरनं कुलूप घाल, मी किती ओरडलो तरी काढू नकोस. आळीतली पोरं भीतीनं ओरडत होती आणि मी मेला डोळे पुसत होतो.

मला वाटलं, अगदी हेच. माझ्यातही असलंच काहीतरी आहे. आमच्या आप्पांच्यातही होतं. आप्पा बस्तीत पहिल्या रांगेत बसायचे, जमिनीवर मुंगी दिसली तर वाट सोडायचे, आणि घरी आले की आमच्या आईनं ताटात मीठ कमी वाढलं एवढ्यावरून ताट भिंतीवर जायचं. नुसतं ताट गेलं तर आम्ही देवाचे आभार मानायचो. ते माझ्यात आलंय. त्या दिवशी रानात तो मी नव्हतो, असं मला तुला सांगायचं होतं. सात वर्षं सांगायचं होतं. कार्डात 'अजाणतेपणी' छापलंय ते म्हणूनच छापलंय.

हे मी मालिका संपल्यावर तानीबाईला बोलून दाखवलं. लोक उठून गेलते. भरमा दारं उघडत होता. म्हटलं, तानीबाई, त्या डॉक्टरचा दोष नाही बघ, त्याच्या आतलं ते सगळं करतंय.

तानीबाई सुपारी कातरत होती. वर न बघता म्हणाली, "आण्णा, त्यो तुमचा डाक्टर लई शाणा हाय बघा. आजवर कुणाकुणाला चावला? म्हातारीला चावला. परटाच्या पोरीला चावला. दवाखान्यात झाडू मारती त्या बाईला चावला. त्यो जाडा फौजदार रोज येऊन त्याच्या म्होरं खुर्चीत बसतोय, मान उघडी टाकून. त्याला कवा चावला व्हय?"

मी म्हटलं, अगं गोष्ट आहे ती.

"मी बी गोष्टच सांगतोय. तहान लागल्यावर ह्याला काय बी कळत न्हाय म्हणं. आणि फौजदार तेवढा बरा कळतोय."

मी चप्पल घातली आणि निघून आलो. पाणीही प्यालो नाही. दोन रविवार तिकडं फिरकलो नाही. तिसऱ्या रविवारी गेलो, कारण मालिका चुकली की मला करमत नाही. तानीबाईनं गाळलेलं पाणी आणून ठेवलं.

पण त्या दोन आठवड्यांत मी रानात फिरताना आठवत होतो. तलाठ्यानं मला एकदा सकाळपासून दिवस कलेपर्यंत उन्हात उभं केलं, मी हात जोडून उभा होतो. सोसायटीच्या चेअरमननं चारचौघांत माझ्या बोलण्याची नक्कल केली, सगळे हसले, मीही हसलो. तेव्हा माझे डोळे बदलले नाहीत. हात उचलला तो फक्त उंबऱ्याच्या आत, नाहीतर बांधाच्या आत. तुझ्यावर, पारिसावर, आणि जनावरांवर.

म्हणजे तानीबाईचं म्हणणं मला पटलं. एवढं मी मान्य करतो, आणि लिहूनही देतो. आता तरी ये. आणखी काय पाहिजे तुला?

धनपाल


९ फेब्रुवारी १९८७

पारिसाच्या आईस,

मागच्या पत्राच्या शेवटी 'आणखी काय पाहिजे' असं लिहिलं ते चुकलं. तू काही मागितलेलं नाहीस. मागत मीच होतो.

काल मालिकेत जे झालं ते सांगतो, मग माझं सांगतो. पारिसा, तुझा आवाज बसला तर थांब, पाणी पी, पण शेवटपर्यंत वाच. माझी ही विनंती आहे, हुकूम नाही.

काल गावातली एक बाई मेली. गळ्यावर दातांच्या खुणा. गावकरी जमले, हे कुणाचं काम म्हणून. रानात एक म्हातारा लांडगा होता, लंगडा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. कोणीतरी म्हणालं, लांडगा असेल. डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, "हो, लांडग्याचेच दात आहेत." झालं. गावानं काठ्या घेतल्या. त्या लांडग्याला ओढ्यात कोंडून मारला. डॉक्टर माडीवर उभा राहून बघत होता. मग खाली उतरला आणि लांडग्याला मारताना ज्याचा हात खरचटला होता, त्याच्या हाताला त्यानं पट्टी बांधली. त्या माणसानं डॉक्टरच्या पायाला हात लावला.

मी मध्येच उठलो. पोरांच्या अंगावरनं, पाय तुडवत बाहेर आलो. भरमाच्या दारातल्या लिंबाखाली बसलो आणि मला उलटी झाली. तानीबाई बाहेर आली. माझ्या पाठीवर हात ठेवायला गेली आणि ठेवला नाही. मग म्हणाली, "पाखऱ्या आठवला न्हवं?"

मी म्हटलं, तुला माहीत होतं?

"मी तिसऱ्या सरीत हुतो, आण्णा. समदं बघितलं. आक्कांनी शपथ घातलीती, म्हणून गप बसलो. तुमच्यासाठनं न्हवं."

तेव्हा आता मी लिहितो, जसं झालं तसं.

तंबाखू कापून रानात वाळायला घातलेली होती. बायका ती पालथी करत होत्या. पारिसा मॅट्रिकला होता. मी त्याला म्हटलं, ही परीक्षा झाली की शिकणं बास, रानात उतर. तो सगळ्या बायकांसमोर म्हणाला, "मुंगीला वाट सोडता आण्णा, आणि लोकांच्या छातीत जाणारं विष पिकवता. मला नको हे." त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, हे मी आज लिहितो. त्या दिवशी मला ते ऐकू आलं नाही असं मी सगळ्यांना सांगितलं, पण आलं होतं. पोरगं खरं बोलत होतं आणि बायका ऐकत होत्या, एवढंच मला झोंबलं.

मी गाडीतला आसूड घेतला. तीन फटके पारिसाला. तू धावत आलीस, पोराला पोटाशी धरून खाली बसलीस. चौथा उलट्या दांड्यानं बसला, तुझ्या डोळ्यावर. तुझ्या बोटांतनं रक्त आलं.

इथपर्यंत मी स्वतःला नेहमी सांगत आलो की चौथा चुकून लागला. पोराला मारायला गेलो आणि तू मध्ये आलीस. ते 'अजाणतेपणी' मी ह्या चौथ्यासाठी राखून ठेवलं होतं. कदाचित तो तसा असेलही.

पण मी पाचवा मारला. रक्त बघितल्यावर मारला. तू खाली होतीस, एका हातानं डोळा धरलेला, दुसरा हात पारिसाच्या डोक्यावर. मला दिसत होतं, मी ओळखत होतो, ही माझी बायको आहे, हिला लागलंय. तरी मारला, पाठीवर. कारण थांबलो असतो तर चौथा चुकला होता असं सगळ्यांना दिसलं असतं. मला चुकायचं नव्हतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. अजाणतेपणी काही नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं तेव्हा तूच म्हणालीस, बैलानं शिंग मारलं. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानं माझ्याकडं न बघता. का म्हणालीस ते मी कधी विचारलं नाही. पोराच्या बापाला पोलीस न्यायला नकोत म्हणून असेल. परत आल्यावर तू माझ्याकडं एकच गोष्ट मागितलीस. म्हणालीस, "पाखऱ्याला ठेवा. त्याला विकू नका."

पाखऱ्या! कोंबडीचं पिल्लू पायाशी आलं तर पाय उचलून उभा राहणारा बैल. पारिसा लहानपणी त्याच्या पोटाखाली सावलीला झोपायचा. गावात बातमी गेली, धनपालच्या बैलानं बाईचा डोळा काढला. लोक यायचे आणि म्हणायचे, मारका बैल दारात कशाला बांधलायस? आज बायकोला मारलं, उद्या पोराला मारंल. मी मान हलवायचो. आठ दिवस मी मान हलवली आणि मला ते खरं वाटायला लागलं. मी त्याच्याकडं रागानं बघायला लागलो. एकदा त्याला लाथही घातली, माझ्या बायकोला मारलंस म्हणून. हे कुणाला सांगितलं तर वेडा म्हणतील, पण मी वेडा नव्हतो.

नवव्या दिवशी मी त्याला बाजारात नेला. तिथं शेतकरीही होते, बैल घ्यायला आलेले. पण त्यांना सांगावं लागलं असतं की हा मारका आहे, नाहीतर मी खोटा ठरलो असतो. मारका म्हटल्यावर कोण जुंपायला घेणार? ज्यानं घेतला तो जनावरं कुठं नेतो ते सगळ्या बाजाराला माहीत होतं. मी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे मला माहीत नाही, असं मनाशी धरून दावं त्याच्या हातात दिलं. पाखऱ्यानं दावं बदलताना माझा हात चाटला. मी बस्तीत जाऊन आंघोळ करून पूजा केली आणि त्या दिवशी उपवास धरला.

घरी आलो तर दारात दावणीला एकटा दुसरा बैल उभा आणि तू पारिसाचे कपडे पिशवीत भरत होतीस.

इतकी वर्षं मला कोडं होतं. डोळा गेला तेव्हा ही गेली नाही, आणि बैल विकल्यावर गेली. बायकांचं डोकं, असं मी लोकांना सांगायचो. काल लिंबाखाली कळलं. मारणारा नवरा तुला ठाऊक होता, त्याला तू सोळा वर्षं ओळखत होतीस. आपलं पाप दुसऱ्या जिवाच्या गळ्यात बांधून त्याला सुरीखाली पाठवणारा माणूस तुला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. ह्या माणसाजवळ पोराला ठेवायचं नाही, असं तू ठरवलंस. बरोबर ठरवलंस.

पारिसा, तू खरं बोलला होतास. तुझा बाप तंबाखूच पिकवतोय अजून, पण तू खरं बोलला होतास.

मी ये म्हणत नाही. तू आलीस तर मला बरं वाटेल, हे मात्र लपवत नाही.

धनपाल


१३ मार्च १९८७

पारिसाच्या आईस,

पारिसाचं पत्र आलं. "आई पाडव्याला यायचं म्हणतीया. मी घेऊन येतो. राहायचं का न्हाय ते आल्यावर बघू म्हणतीया." मी ते पत्र उभ्यानं वाचलं, बसून वाचलं, मग भरमाच्या घरी जाऊन त्याच्याकडनं मोठ्यानं वाचून घेतलं. तानीबाई म्हणाली, "आण्णा, आता घर तरी सारवा." तिचे डोळे भरलेते. माझेही भरले, तुझी शपथ.

घराला चुना लावतोय. तुझी चूल लिंपून घेतली. परसातल्या विहिरीला नवीन रहाट बसवला, तुझ्या हाताला जड जाऊ नये म्हणून. पाणी गाळायचं फडकं नवं आणलं. पारिसाला धपाटे आवडायचे, तानीबाईची सून करून देते म्हणाली.

सतरा दिवस राहिले. मी बोटांवर मोजतोय, शाळेच्या सुट्टीसारखे.

तुझा,
धनपाल


२३ मार्च १९८७

पद्मावतीस,

हे पत्र पाडव्याच्या आत पोहोचलं पाहिजे, म्हणून भरमाला आजच निपाणीच्या पोस्टात धाडतोय.

शुक्रवारी सकाळी मी गाईची धार काढत होतो. मन अगदी आनंदात होतं, हे मुद्दाम लिहितो. रागाचं काही कारण नव्हतं. गाईनं पाय उचलला आणि चरवी कलंडली. शेरभर दूध गेलं. मी उठलो, भिंतीला टेकवलेली काठी घेतली.

आणि मारायच्या आधी मी वाटेकडं बघितलं. तानीबाई येत नाही ना, भरमा शाळेला जाताना इकडनं जात नाही ना, ते बघितलं. वाट मोकळी होती. मग मी तिला मारलं. चार वेळा. पाचव्याला हात थांबला, पण तो दयेनं थांबला नाही. पाडव्याला तू येशील आणि वळ तुला दिसतील, असा विचार आला म्हणून थांबला.

काठी टाकून मी गोठ्यातच बसलो. तानीबाई फौजदाराचं म्हणाली होती ते मी तुला मोठ्या शहाणपणानं लिहून कळवलं होतं. पाचव्या फटक्याचं कबूल केलं. पाखऱ्याचं कबूल केलं. मला वाटलं, एवढं सगळं बाहेर काढलं म्हणजे आता आत काही उरलं नाही. ते होतं तिथंच आहे. उलट आता त्याला क्षमा कशी मागावी हेही चांगलं कळतं.

काल रविवारी बस्तीत पूजा झाल्यावर मी उभा राहिलो. म्हटलं, मला एक सांगायचंय. पाखऱ्यानं हिचा डोळा फोडला नव्हता, मी फोडला. आसुडाच्या दांड्यानं. बैल बिनदोष होता आणि मी त्याला कापायला दिला. चुलतभाऊ म्हणाला, "धनपाल, घरातलं घरात ठेवावं." पंडित म्हणाले, पश्चात्तापानं कर्म झडतं. दोघातिघांनी माझी पाठ थोपटली, हिंमतीचा माणूस म्हणून. फक्त पलीकडच्या गल्लीतली धोंडूबाई, ऐंशीच्या घरातली, उठली आणि माझ्याकडं पाठ करून बसली. तिनं जनावरांत आयुष्य काढलंय.

बाहेर आलो तर मला लई हलकं वाटत होतं. चालता चालता मनात आलं, एवढं गावासमोर सांगितलं, आता तिला राहावंच लागेल. आता ती नाही म्हणाली तर लोक तिलाच नावं ठेवतील. हे मनात आलं, पद्मावती, आणि मला गोडही वाटलं. तिथंच रस्त्यात मी थांबलो. माझी मलाच भीती वाटली.

दुपारी मालिकेचा शेवटचा भाग होता. तो डॉक्टर शेवटी आपल्या पायांनी उन्हात जाऊन उभा राहतो आणि जळून राख होतो. मरताना त्याचा चेहरा पुन्हा चांगल्या माणसाचा होतो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तानीबाईनं पदरानं डोळे पुसले, म्हणाली, "सुटला बिचारा." मला वाटलं, किती सोपं करून ठेवलंय ह्या टीव्हीवाल्यांनी! मी रोज उन्हातच असतो. उन्हात जाऊन माझं काही होत नाही. आमच्यासारख्यांचं राक्षसपण सकाळी उठून दात घासतं, पाणी गाळतं, बस्तीत जातं आणि घंटा वाजवतं.

मी तानीबाईला गाईचं सांगितलं, वाटेकडं बघितलं तेही. तिनं अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाली, "आक्कांना येऊ द्यायचं का न्हाय, ते तुमीच लिवा. म्या न्हाय सांगायची. पर गाय मी घेऊन जातो." आणि दावं सोडून घेऊन गेली. मी नको म्हटलं नाही. दुसरा बैलही भरमाच्या दारात नेऊन बांधला. त्याची माणसं माझ्या शेताला लागेल तेव्हा जुंपतील आणि संध्याकाळी परत नेतील. माझ्या गोठ्यात आता काही नाही.

माणसाची सोय मात्र मला तशी करता येत नाही. तू आलीस तर दार तुझ्यामागं लागेल. वाटेवर कोण आहे ते मी बघीन, आणि एखाद्या दिवशी कोणी नसेल. महिनाभर मी तुला फुलासारखी जपीन, दोन महिने जपीन, तू म्हणशील हा बदलला. मलाही तसंच वाटेल. आठ वर्षं मी एकच गोष्ट मागत आलो आणि ती आता हातात आलीय. चुन्याचा वास घरभर आहे. हे लिहिताना माझा हात किती जड झालाय ते मी तुला सांगत नाही, कारण ते वाचून तू येशील.

पारिसा, पाडव्याला आईला आणू नकोस. तूही येऊ नकोस. हे पत्र जपून ठेव, फाडू नकोस. मी पुन्हा लिहीन. सणाला लिहीन, आजारी पडलो की लिहीन, म्हातारा झालो की लिहीन. लई गोड लिहीन, वाचताना तुमचं काळीज हलेल असं, आणि ते मला स्वतःला खरं वाटत असेल. तेव्हा हे पत्र काढून आईला वाचून दाखव.

पद्मावती, मी बोलवलं तरी येऊ नकोस.

धनपाल